सुट्टीतल्या एका खेळाने घडवलेला चित्रमहर्षी

सिन्नर : नाताळची सुट्टी जवळ आली, की सिन्नरच्या घराघरांतून सहलीचे बेत सुरू होतात. दिवाळीची सुट्टी फराळात आणि नातेवाइकांच्या भेटीगाठींत सरते, उन्हाळ्याची सुट्टी मामाच्या गावाला जाते. डिसेंबरअखेरचे हे चार-आठ दिवस मात्र मुलांच्या हट्टाचे असतात. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठायचे, डबे भरायचे आणि बसने किंवा गाडीने दिवसभरासाठी बाहेर पडायचे, हा आता अनेक कुटुंबांचा रिवाज झाला आहे.

सिन्नर हे वाटांवरचे गाव. एक वाट सुमारे तीस किलोमीटरवरील नाशिकला जाते, दुसरी शिर्डीला आणि तिसरी पुण्याला. शिर्डीच्या वाटेने गेलेली कुटुंबे साईदर्शन आटोपून मुलांना पाण्यातल्या खेळांकडे किंवा साईतीर्थ या भक्तिविषयक थीम पार्ककडे घेऊन जातात. खुर्च्या हलवणाऱ्या आणि अंगावर वारा सोडणाऱ्या फाइव्ह-डी खेळासाठी या पार्कने विषय निवडला, तो लंकादहनाचा. नाशिकच्या वाटेने गेलेली कुटुंबे पांडवलेणीच्या पायथ्याशी येतात. तेथे महापालिकेने सुमारे २९ एकरांवर बाग, कारंजी आणि जलक्रीडेच्या सोयींसह एक स्मारक उभारले. हे स्मारक दादासाहेब फाळके यांचे आहे.

या दोन्ही वाटा एकाच माणसापाशी येऊन मिळतात, हे सहलीच्या गडबडीत सहसा लक्षात येत नाही. हनुमानाने पेटवलेली लंका अंधाऱ्या दालनातील पडद्यावर दाखवून मुलांना आणि मोठ्यांना एकाच वेळी थक्क करण्याचा उद्योग फाळके यांनी १९१७ मध्येच केला होता. त्यांच्या या साऱ्या उद्योगाचे मूळही एका सणाच्या सुट्टीत, मुलाला आणि पत्नीला घेऊन पाहिलेल्या खेळातच होते. त्या एका खेळापायी एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे सारे आयुष्य बदलून गेले.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके संस्कृतचे पंडित होते आणि दाजीशास्त्री या नावाने ओळखले जात. आईचे नाव द्वारकाबाई. घरात वेदपठण, पुराणे, कथा-कीर्तने यांचे वातावरण होते. रामायण, महाभारत आणि भागवतातील जी आख्याने पुढे फाळके यांनी पडद्यावर आणली, ती त्यांनी ग्रंथालयात बसून शोधलेली नव्हती. लहानपणीच ती कानांवर पडलेली होती.

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनासाठी दाजीशास्त्रींची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा पाठांतरापेक्षा चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर ते बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यातील कलाभवन ही त्या काळी नव्या विद्यांची मोठी शाळा होती. तेथे फाळके यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण, वास्तुरचना, साचेकाम असे अनेक विषय हाताळले. कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यांच्यातील चिकाटी ओळखली आणि छपाईचे ठसे तयार करण्याचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवले.

शिकलेल्या विद्येवर पोट भरणे मात्र सोपे नव्हते. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रकाराचा व्यवसाय थाटला. १९००च्या सुमारास प्लेगच्या साथीने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. उभा संसार काही दिवसांत नाहीसा झाला. ते बडोद्यास परतले, तेव्हा तेथे कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मरण लवकर येते, अशी समजूत पसरलेली होती. गिऱ्हाईक फिरकेना. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी दिवस काढले.

याच काळात कार्ल हर्ट्झ या परदेशी जादूगाराशी त्यांचा परिचय झाला आणि हातचलाखीची नवी विद्या त्यांच्या हाती लागली. आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोग करू लागले. अनेकांनी या प्रकरणाकडे केवळ गमतीचा भाग म्हणून पाहिले आहे. परंतु, प्रेक्षकांची नजर कोठे खिळवायची, वस्तू कधी अदृश्य करायची आणि समोरच्या माणसाचा श्वास क्षणभर कसा रोखायचा, याचे शिक्षण फाळके यांना येथेच मिळाले. त्यांच्या चित्रपटांतील चमत्कारांची मुळे या रंगमंचावर सापडतात.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकर घराण्यातील गिरिजा या विवाहानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. वयाने त्या पतीपेक्षा बऱ्याच लहान होत्या. पुढच्या कथेत त्यांचा वाटा पतीच्या बरोबरीचा आहे.

पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून फाळके यांना नोकरी मिळाली. पगार नियमित होता. वंगभंगाच्या चळवळीने देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. लोणावळ्यात छापखाना निघाला, नंतर तो मुंबईत दादरला आला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छपाईचे कामही त्यांच्याकडे होते. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या संस्थेसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि रंगीत छपाईची यंत्रे घेऊन परतले. धंद्याला बरकत आली, परंतु भागीदाराशी मतभेद झाले आणि फाळके बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटली होती, पदरात मुले होती आणि हाताला काम नव्हते.

सणाच्या सुट्टीतला तो खेळ

नेमक्या याच काळात तो प्रसंग घडला. मुंबईच्या गिरगावात अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस नावाचे तंबूतील चित्रपटगृह होते. सणाचे दिवस होते. काही चरित्रकार हा प्रसंग १९१०च्या नाताळातील मानतात, तर काही एप्रिल १९११च्या ईस्टरमधील. फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन हा खेळ पाहावयास गेले. पडद्यावर हलणारे प्राणी पाहून मुलगा हरखून गेला. घरी येऊन त्याने आईला सारे सांगितले, तेव्हा सरस्वतीबाईंना काही ते खरे वाटले नाही. चित्रातले प्राणी चालतील कसे, हा त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंबच खेळाला गेले. ख्रिस्ती सण असल्यामुळे त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लावण्यात आला होता. पडद्यावर येशूच्या जन्माचे, चमत्कारांचे आणि क्रुसावरील मरणाचे प्रसंग सरकत होते. फाळके यांच्या मनात मात्र गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. त्यांचे डोळे येशू पाहत होते आणि मन कृष्णाला शोधत होते. आपले देव, आपली माणसे या पडद्यावर कधी दिसतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले.

पुष्कळ माणसे असा खेळ पाहून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. फाळके यांना ते जमले नाही. त्यानंतरचे कित्येक महिने मुंबईत लागणारा प्रत्येक चित्रपट त्यांनी पाहिला. परदेशांतून पुस्तके आणि माहितीपत्रके मागवली. एक लहानसा कॅमेरा आणि फिल्मची काही रिळे आणून ते रात्री घरातल्या भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. या खर्चासाठी घरातील वस्तू एकेक करून विकल्या जाऊ लागल्या. अपुरी झोप आणि डोळ्यांवरील अखंड ताण यांमुळे काही काळ त्यांची दृष्टीच गेली. वेळीच उपचार झाले म्हणून ती परत आली. नातेवाईक आणि शेजारी यांची मात्र या माणसाला वेड लागल्याची खात्री झाली होती.

सरस्वतीबाईंनी या काळात पतीला अडवले असते, तर तो व्यवहाराला धरूनच निर्णय ठरला असता. त्यांनी तसे केले नाही.

घर गहाण, घरच कामाला

आयुर्विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून उभ्या केलेल्या कर्जावर फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तेथे बायोस्कोप या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांची त्यांनी कसलीही ओळख नसताना भेट घेतली. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याचा स्टुडिओ त्यांना पाहता आला. जेमतेम काही आठवड्यांच्या मुक्कामात चित्रीकरणाची प्रत्येक पायरी त्यांनी समजावून घेतली. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी केले, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले.

आता भांडवल हवे होते. त्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण झाले. रोप मातीतून वर येताना, पाने फुटताना आणि वेल चढताना अवघ्या मिनिटभरात पडद्यावर दिसू लागले. अंकुराची वाढ दाखवणारे हे छोटे चित्र पाहून सावकाराचा विश्वास बसला. तरीही तारण लागणारच होते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचे काम दादरच्या घरातच सुरू झाले. स्वयंपाकघर, माजघर आणि अंगण यांचाच कारखाना झाला. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम अंधारात करावे लागे. दिवसभराच्या स्वयंपाकानंतर सरस्वतीबाई रात्री हे काम करीत. चित्रित फिल्म धुण्याची रसायने त्या मिसळत. भर उन्हात पात्रांच्या तोंडावर प्रकाश पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत. त्याच वेळी साठ-सत्तर माणसांच्या जेवणाची व्यवस्थाही त्यांच्याकडेच होती. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचा उल्लेख अनेकदा केवळ त्यागमूर्ती पत्नी म्हणून होतो. त्या प्रत्यक्षात देशातील पहिल्या चित्रपट तंत्रज्ञांपैकी एक होत्या, ही गोष्ट अधिक नेमकी आहे.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. चित्रपटात तोंड दाखवण्यास कोणत्याही थरातील स्त्री तयार नव्हती. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना फाळके यांनी निवडले आणि ते तारामती झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केली. रोहिदासासाठी मुलगा शोधण्याची वेळ आली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. मरण दाखवले जाणाऱ्या भूमिकेसाठी कोण आपले मूल देणार? ती भूमिका भालचंद्राने केली. खेळ पाहून घरी धावत आलेला मुलगा आता स्वतः खेळात उतरला होता.

बाह्यचित्रणासाठी मंडळी मुंबई-कर्जत मार्गावरील वांगणी येथे गेली. तलवारी आणि भाले घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांची टोळी आल्यासारखे वाटले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. याच मुक्कामात भालचंद्र खेळताना दगडावर पडून बेशुद्ध झाला, तशा अवस्थेतच रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित करण्यात आला, अशी आठवण सांगितली जाते. आजच्या वाचकाला ती ऐकून अस्वस्थ वाटेल आणि ते योग्यही आहे. फाळके यांचे वेड कुटुंबाकडून किती किंमत मागत होते, हे त्यातून कळते.

सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमांनी चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया चित्रपटगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ही तारीख कायमची नोंदली गेली.

प्रेक्षक मिळवण्याची कलाही फाळके यांना शिकावी लागली. सुरतेत पहिल्या दिवसाचा गल्ला अवघा तीन रुपये झाला, असे सांगतात. दोन आण्यांत पाच-सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत दीड तासाचा खेळ महाग वाटत होता. फाळके यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र केवळ तीन आण्यांत, असा हिशेब त्यांनी लोकांपुढे मांडला. गर्दी उसळली. घरखर्चातून तिकिटाचे पैसे काढणारा माणूस काय विचार करतो, हे त्यांनी ओळखले होते. आजही करमणुकीच्या उद्यानाच्या खिडकीपाशी उभा असलेला बाप मनातल्या मनात तोच हिशेब मांडत असतो.

नाशिकची चित्रसृष्टी

त्याच वर्षी फाळके यांनी आपला व्यवसाय नाशिकला हलवला. गोदाकाठची देवळे, घाट, जुने वाडे आणि भोवतालचे डोंगर यांमुळे पौराणिक कथांना लागणारी पार्श्वभूमी येथे आयती उपलब्ध होती. येथे मोहिनी भस्मासुर तयार झाला आणि दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने भारतीय चित्रपटात प्रथमच स्त्रिया पडद्यावर आल्या. पाठोपाठ सत्यवान सावित्री आला.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले आणि तेथेच राहून चित्रपट तयार करण्याविषयी विचारणाही झाली. ते मायदेशी परतले, तो महायुद्ध पेटले. भांडवलदारांनी हात आखडता घेतला, कर्जाचा बोजा वाढला आणि कामगारांचे पगार थकले. याही काळात त्यांनी आगकाड्यांची मौज, लक्ष्मीचा गालिचा अशी छोटी गमतीदार चित्रे केली. आगपेटीतल्या काड्या आपोआप हलून आकार घेत आहेत, नाणी चालत आहेत, असे हे खेळ होते. मोठे चित्रपट करण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा घरातल्या क्षुल्लक वस्तूंतून त्यांनी मुलांसाठी चमत्कार निर्माण केले.

मग १९१७ मध्ये लंकादहन आला. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. गणपत शिंदे हनुमान झाले. हनुमान आकाशात झेपावतो आणि लंका धडधडा पेटते, हे पाहताना प्रेक्षकांचे भान हरपत असे. राम पडद्यावर येताच लोक हात जोडत. मद्रासमध्ये गल्ल्याची नाणी बैलगाडीत भरून पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, ही हकीकत चित्रपटसृष्टीत आजही सांगितली जाते. गावोगावहून लोक बैलगाड्या जुंपून कुटुंबकबिल्यासह खेळाला येत. देवदर्शन, जत्रा आणि करमणूक या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळण्याची सवय मराठी कुटुंबाला येथून लागली. आज शिर्डीच्या वाटेवर जे दिसते, त्याचे हे जुने रूप होते.

१९१८ च्या आरंभी भागीदारांच्या भांडवलावर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे तिचे गाजलेले चित्रपट. त्यांत बाळकृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कालियामर्दनाच्या आरंभी कॅमेरा मंदाकिनीच्या चेहऱ्यावर स्थिरावतो. ही सात-आठ वर्षांची मुलगी राग, आनंद, भय असे भाव एकामागोमाग दाखवते आणि नंतर कृष्णाच्या रूपात समोर येते. हा चित्रपट सुदैवाने बऱ्याच अंशी टिकून आहे. पाण्यात कालियाशी झुंजणारी ही मुलगी पाहताना तिचा बाप कॅमेऱ्यामागे उभा आहे, हे विसरता येत नाही.

सिनेमातून उद्यानाकडे

चित्रपट आणि करमणुकीचे उद्यान यांचे नाते केवळ नाशिकपुरते नाही. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असत. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून राहत. आईवडील आणि मुले या दोघांनाही एकत्र रमता येईल, अशी जागा का असू नये, हा विचार त्यांना तेथे सुचला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले. पडद्यावर जे पाहिले, त्याच्या आत शिरण्याची सोय त्यामुळे झाली. १९९६ मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी उभी राहिली आणि चित्रीकरणाची जागाच कुटुंबाच्या सहलीचे ठिकाण बनली. २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकातही हिंदी चित्रपटावर आधारलेला खेळ ठेवण्यात आला.

डिस्ने आणि फाळके यांची तुलना करणे योग्य होणार नाही. एकाच्या पाठीशी संपन्न देश आणि मोठे भांडवल होते. दुसऱ्याच्या पाठीशी पत्नीचे दागिने होते. परंतु, मुलांना घेऊन सुट्टीत बाहेर पडलेला बाप आणि त्याला तेथे सुचलेली कल्पना, हा आरंभ दोघांच्याही आयुष्यात सापडतो.

उतरता काळ

हिंदुस्थान कंपनीत फाळके यांचे भागीदारांशी पटले नाही. चित्रपट लवकर आणि कमी खर्चात व्हावा, ही भागीदारांची अपेक्षा होती. तो मनासारखा व्हावा, हा फाळके यांचा आग्रह होता. दोघांच्याही बाजूंत तथ्य होते. फाळके यांनी कंपनी सोडली आणि कुटुंबासह ते काशीला निघून गेले. तेथे त्यांनी रंगभूमी हे नाटक लिहिले. नाटकाला अपेक्षित यश लाभले नाही. १९२२ च्या सुमारास ते कंपनीत परतले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक चित्रपट केले, परंतु पूर्वीची हुकूमत राहिली नव्हती. आता नव्या कंपन्या, नवे दिग्दर्शक आणि नवी अभिरुची पुढे आली होती.

मार्च १९३१ मध्ये आलम आरा प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. फाळके यांचा सेतुबंधन हा मूकपट त्याच संधिकाळात तयार झाला. त्याला मागाहून आवाज जोडण्यात आला. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी गंगावतरण हा बोलपट केला. तो १९३७ मध्ये प्रदर्शित झाला. फाळके यांचा हा अखेरचा चित्रपट ठरला.

सुमारे दोन दशकांत नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट, असे त्यांचे काम भरते. त्यातील मोजकेच अंश आज शिल्लक आहेत. ज्वालाग्राही फिल्म, आगी आणि हेळसांड यांनी बाकीचे नष्ट केले. उद्योगाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने फाळके यांच्यासाठी निधी गोळा करण्यात आला. त्यांनी उभा केलेला धंदा एव्हाना देशभर पसरला होता आणि त्यांच्या स्वतःच्या हाती फारसे काही उरले नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण होते. वयाची सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी तशातही आणखी एक चित्रपट करण्याची खटपट केली, परंतु परवाना मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले.

सन्मान नंतर आले. १९६९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपट क्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. पहिला मान देविका राणी यांना मिळाला. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. मुंबईच्या गोरेगावातील चित्रनगरीला त्यांचे नाव देण्यात आले. परेश मोकाशी यांनी २००९ मध्ये हरिश्चंद्राची फॅक्टरी हा मराठी चित्रपट काढून फाळके यांच्या संसाराचे ते विलक्षण दिवस नव्या पिढीपुढे आणले. या चित्रपटात फाळके एकटे दिसत नाहीत. त्यांच्याभोवती त्यांची पत्नी आणि मुले सतत वावरतात, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य.

सहलीला जाताना

पांडवलेणीच्या पायथ्याचे स्मारक नाशिककरांच्या आणि सिन्नरकरांच्या अनेक सुट्ट्यांचे साक्षीदार आहे. शाळांच्या सहली येथे आल्या, नवविवाहित जोडपी आली, नातवंडांचे बोट धरून आजी-आजोबा आले. बऱ्याच जणांनी कारंजी पाहिली, डबे उघडले, छायाचित्रे काढली आणि अंधार पडण्यापूर्वी घरची वाट धरली. स्मारक ज्यांच्या नावाने उभे आहे ते कोण, हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर पहिला चित्रपट काढणारे, एवढे उत्तर बहुतेक पालक देतात.

हे उत्तर बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. एका सणाच्या सुट्टीत एक बाप आपल्या मुलाला खेळ पाहायला घेऊन गेला. मुलाने घरी येऊन आईला सांगितले. आईला खरे वाटले नाही, म्हणून सारे घर पुन्हा गेले. त्यानंतर त्या घरातील दागिने गेले, झोप गेली, सामान गेले. आईने अंधारात फिल्मला छिद्रे पाडली, मुलाने रोहिदासाचे मरण पडद्यावर साकारले आणि मुलगी कृष्ण झाली. देशाला चित्रपट मिळाला, तो या संपूर्ण घराच्या श्रमांतून मिळाला. गौरव मात्र एका नावाने झाला.

सिन्नरहून निघालेल्या गाडीत मागच्या आसनावरची मुले कंटाळून प्रश्न विचारू लागतात, तेव्हा ही हकीकत सांगण्याजोगी आहे. नाशिकपर्यंतच्या तासाभराच्या वाटेत ती सांगून होते. शिर्डीच्या वाटेवर असाल, तर लंकादहनाच्या खेळात शिरण्यापूर्वी तिचा शेवट गाठता येईल. सांगताना दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाई, भालचंद्र आणि मंदाकिनी ही नावेही घ्यावीत.